आधी स्वतःचा व्हिडिओ, मग दुसऱ्याचा: फ्रीस्टाईल सुधारण्याची एक रीत

मी पोहायला शिकलो ते फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कोंडीत. पाठीला सुक्या नारळांची जोडी, काठावर काका, आणि शिकवणी एवढीच: "हात मार, पाय मार, तोंड वर ठेव." त्या शिकवणीवर मी कधी बुडलो नाही, हे काकांचं श्रेय. पण चाळिशीत वजन वाढलं म्हणून तलावाची सकाळची बॅच धरली, तेव्हा पहिल्याच दिवशी 25 मीटर कापून मी काठाला लटकून धापा टाकत होतो. शेजारच्या लेनमध्ये साठी उलटलेल्या एक बाई पाणीसुद्धा न उडवता फेऱ्यांवर फेऱ्या घालत होत्या.

मग रात्रीचं यूट्यूब सुरू झालं. सहा महिन्यांत फ्रीस्टाईलचे, म्हणजे पालथं राहून आळीपाळीने हात मारत पोहण्याचे, कॅच, पुल, रिकव्हरी, बॉडी रोल हे सगळे शब्द तोंडपाठ झाले आणि पोहणं जिथल्या तिथे राहिलं. एके दिवशी बॅचमधल्या मित्राने काठावरून माझा जेमतेम 40 सेकंदांचा व्हिडिओ काढला. मला वाटत होतं, माझं कोपर वर असतं, पाय सरळ असतात, डोकं स्थिर असतं. पडद्यावर जो माणूस दिसला तो सायकल मारत जिना चढत होता.

त्या दिवसापासून मी क्रम उलटा केला. पाण्यात आपलं शरीर काय करतंय याबद्दलचा आपला अंदाज फार चुकतो, आणि तो अंदाज चुकीचा असेल तर जगातला उत्तम व्हिडिओसुद्धा कामाचा नाही. म्हणून सुरुवात स्वतःपासून.

कॅमेरा आधी स्वतःवर

मोबाइल बाहेर काढण्याआधी तलावावरच्या प्रशिक्षकांना आणि जीवरक्षकांना विचारा. बॅचला बायका असतात, मुलं असतात. कोणाच्या तरी पोहण्याच्या कपड्यातला फोटो तुमच्या फोनमध्ये जाणं कोणालाच आवडणार नाही, आणि आवडू नयेच. दोन बॅचच्या मधली रिकामी वेळ मागून घ्या, काठालगतची लेन घ्या आणि चौकटीत दुसरं कोणी येणार नाही याची खात्री करा. आमच्या सरांनी मला सुरुवातीला नाहीच म्हटलं होतं. व्हिडिओ कशासाठी हवा ते सांगितल्यावर स्वतःच फोन हातात घेऊन काठाने चालत आले.

फोन आडवा धरायचा. पहिला व्हिडिओ बाजूने: काढणाऱ्याने लेनच्या मधोमध काठावर उकिडवं बसायचं, म्हणजे फोन पाण्यापासून हातभर उंचीवर राहतो. उभं राहून काढलेल्या व्हिडिओत सगळं सपाट दिसतं, पाय किती बुडालेत ते कळत नाही. दुसरा, त्याच बाजूने पण उलट दिशेने पोहताना, कारण आपली श्वास घ्यायची बाजू आणि न घ्यायची बाजू ही दोन वेगळी माणसं असतात. तिसरा समोरून, लेनच्या टोकाला बसून. प्रेक्षकांच्या पायऱ्या असतील तर चौथा वरून. पणजीत कांपालच्या तलावासारख्या ठिकाणी पायऱ्यांवरून पाहिलं की कोणाचा हात डोक्यासमोरची मधली रेषा ओलांडतो ते तळाच्या काळ्या पट्टीवरून चटकन कळतं.

फोनमध्ये स्लो मोशन असेल तर सेकंदाला 120 फ्रेम ठेवा. साध्या व्हिडिओत सेकंदाला 30 फ्रेम असतात आणि हात पाण्यात शिरतानाचा नेमका क्षण त्यात पुसट होतो. झूम करू नका.

पाण्याखालचा हात मात्र काठावरून नीट दिसत नाही. त्यासाठी ॲक्शन कॅमेरा लागतो. गोप्रोसारखे कॅमेरे वेगळ्या कव्हरशिवाय 10 मीटर खोलीपर्यंत चालतात. बॅचमध्ये कोणाकडे तरी असतोच, एक दिवस मागून घ्या. मोबाइल पाण्यात घालू नका. फोन पाण्यात टिकतो म्हणून "आयपी 68" वगैरे लिहिलेलं असतं ती चाचणी साध्या गोड्या पाण्यातली असते, क्लोरीनच्या किंवा खाऱ्या पाण्यातली नव्हे.

एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. ताजेतवाने असताना, पहिल्याच फेरीला, कॅमेरा समोर आहे हे ठाऊक असताना काढलेला व्हिडिओ म्हणजे लग्नातला फोटो. आधी 200 मीटर पोहा, दम लागू द्या, मग काढा. तुमचे खरे दोष दमल्यावरच बाहेर येतात.

त्याच दिवशी दोन आकडे वहीत लिहून ठेवा: 25 मीटरला किती हात मारावे लागले आणि 100 मीटरला किती सेकंद लागले. माझे पहिले आकडे 31 आणि 158 होते. लाज वाटून मी ते पान दुमडून ठेवलं होतं.

आता दुसऱ्यांचे व्हिडिओ, पण कुठले?

ऑलिंपिकची अंतिम शर्यत शिकायला पाहू नका. मजेसाठी जरूर पाहा. 50 मीटरचा जलतरणपटू वीस-बावीस सेकंदांसाठी पोहतो. त्याचा हवेतून सरळ फिरणारा हात आणि पायांचा फेस उडवणारा मारा त्या वीस सेकंदांसाठीच परवडतो. अमेरिकेचा केलेब ड्रेसेल 50 मीटरला हात जवळजवळ सरळ ठेवून फिरवतो, ते पाहून आमच्या बॅचमधल्या एका कॉलेजकुमाराने महिनाभर तसंच केलं आणि खांदा धरून बसला. लांब पल्ल्याच्या शर्यती पाहायच्या तर केटी लेडेकीच्या 800 किंवा 1500 मीटरच्या पाहा, तेही एवढंच न्याहाळायला की तिचं डोकं किती शांत आहे.

शिकायच्या व्हिडिओत मी तीन गोष्टी पाहतो. पाण्याखालून चित्रण आहे का? पोहणारा सावकाश, माझ्यासारख्या वेगाने पोहतोय का? आणि एका व्हिडिओत एकच दोष धरलाय का? "फ्रीस्टाईलच्या दहा चुका" असं नाव दिसलं की पुढे जा. दहा चुका एकदम कोणी सुधारलेल्या नाहीत. अर्ध्या मिनिटाच्या रील्सही सोडा. चूक दाखवायला अर्धं मिनिट पुरतं, ती तुमच्यात का आहे हे सांगायला पुरत नाही.

पोहणं शिकवणाऱ्या स्विम स्मूथ आणि इफर्टलेस स्विमिंग या दोन यूट्यूब चॅनेलवर मला सगळ्यात जास्त मिळालं. स्विम स्मूथवाल्यांनी पोहणाऱ्यांचे सहा प्रकार पाडलेत: अंगात ताकद असूनही पाय बुडणारा, पाण्याला घाबरून हळुवार हात मारणारा, पायांवरच सगळा भार टाकणारा, पुढे हात ठेवून नुसता घसरत राहणारा, वगैरे. आपला प्रकार सापडला की निम्मे व्हिडिओ आपोआप गळून पडतात. टेरी लाफलिन यांच्या टोटल इमर्शन पद्धतीचे व्हिडिओ पाय बुडणाऱ्यांना उपयोगी, कारण त्यांचा सगळा भर तोलावर आणि कमीत कमी हातांत पुढे जाण्यावर आहे. पण ज्याचा हात आधीच पुढे थांबून राहतो त्याने ते पाहिले तर तो अजूनच थांबेल. एकाचं औषध दुसऱ्याला बाधतं ते असं.

व्हिडिओ कधीचा आहे तेही पाहा. हात पाण्याखाली इंग्रजी एस अक्षरासारखा वळवत मागे न्यायचा, असं जुन्या व्हिडिओंत हमखास सांगितलेलं असतं. त्यामागे मोठी माणसं आहेत. अमेरिकन प्रशिक्षक डॉक काउन्सिलमन यांनी पाण्याखालून चित्रण करून उत्तम जलतरणपटूंचे हात अभ्यासले. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं मिळवणारा मार्क स्पिट्झ त्यांचाच शिष्य. हात वळताना दिसले, तेव्हा विमानाच्या पंखासारखी उचल त्यातून मिळत असावी असं त्यांनी मांडलं. पुढे कळलं की त्या वळणाचा बराचसा भाग अंग कुशीवर फिरल्यामुळे येतो आणि मुख्य जोर पाणी सरळ मागे ढकलण्यातूनच मिळतो. त्यामुळे आज कोणी मुद्दाम एस काढायला सांगत असेल तर तो व्हिडिओ बंद करा.

भाषेची अडचण असेल तर उपशीर्षकं लावता येतात, पण आपोआप होणाऱ्या मराठी भाषांतरावर विसंबू नका. मला एकदा "तुमचा झटका लांब करा" असा सल्ला मिळाला होता. स्ट्रोकचं ते भाषांतर! आवाज बंद करून पाहिलेलं बरं.

पाहायची रीत

शक्य असेल तर फोनवर नको, संगणकावर पाहा. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरचा स्वल्पविराम दाबला की एक फ्रेम मागे, पूर्णविराम दाबला की एक फ्रेम पुढे जाता येतं. वेग 0.25 पर्यंत कमी होतो. व्हिडिओवर उजवं क्लिक करून तो पुन्हापुन्हा चालू राहील असंही करता येतं.

पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने, फक्त लय पाहायला. दुसऱ्यांदा पाव वेगाने, शरीराचा एकच भाग धरून. डोकं पाहायचं ठरवलं तर हाताकडे बघायचंच नाही; हे सोपं वाटतं, पण डोळा सारखा हाताकडे पळतो. तिसऱ्यांदा चार ठिकाणी थांबवायचं: बोटं पाण्यात शिरताना, कोपर वाकून पंजा खाली वळताना, हात मांडीपाशी बाहेर येताना, आणि तोंड श्वासासाठी वळलेलं असताना. त्याच चार ठिकाणी स्वतःचा व्हिडिओ थांबवून शेजारी ठेवा. फरक शब्दांत सांगायची गरजच उरत नाही.

समोरून घेतलेल्या व्हिडिओत पोहणाऱ्याचा उजवा हात तुमच्या डावीकडे दिसतो, यात माझा आठवडाभर घोटाळा झाला होता. आणि तुम्ही उजवीकडे श्वास घेत असाल तर उजवीकडे श्वास घेणाराच शोधा.

मग एक ओळ लिहा, आपल्या भाषेत, पाण्यात आठवेल इतकी लहान. "कोपर वर, बोटं तळाकडे." "एक डोळा पाण्यात." कपाटाच्या आरशासमोर कंबरेत वाकून ती हालचाल वीसेक वेळा करा. घरचे हसतील. माझी मुलगी अजून हसते.

काय आधी, काय नंतर

व्हिडिओंच्या जगात सगळ्यात झगमगीत विषय म्हणजे कॅच, पाणी धरण्याची ती कोपर उंच ठेवलेली पकड. म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात. माझं स्पष्ट मत आहे की दम लागत असताना कॅचचा एकही व्हिडिओ पाहू नये. आधी श्वास, मग शरीराची रेषा, मग हात. पाय सगळ्यात शेवटी.

व्हाळात, तळीत किंवा नदीत शिकलेल्या आपल्या लोकांचा श्वासाचा दोष एकाच मुशीतला असतो: मुंडी वर. आम्हाला पलीकडचा काठ दिसायला हवा असायचा, नाकात पाणी नको असायचं. डोक्याचं वजन साधारण 5 किलो. ते पाण्याबाहेर उचललं की तराजूसारखे पाय खाली जातात. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट, त्यामुळे खाली लोंबणारे पाय ओढत नेणं म्हणजे नांगर टाकून होडी वल्हवणं. मग आपण पाय आणखी जोरात मारतो, आणखी दमतो, आणखी डोकं वर काढतो.

दुसरा अर्धा दोष व्हिडिओत नीट पाहिला तरच दिसतो: पाण्यात बुडबुडेच नसतात. माणूस श्वास कोंडून ठेवतो आणि तोंड बाहेर आल्यावर त्या अर्ध्या सेकंदात सोडायचा आणि घ्यायचाही प्रयत्न करतो. जीव घाबरतो तो प्राणवायू संपल्यामुळे कमी, अंगात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जास्त. स्वतःचा पाण्याखालचा व्हिडिओ मिळाला तर आधी बुडबुडे शोधा. माझ्या पहिल्या व्हिडिओत ते नव्हतेच. तोंडाजवळचं पाणी आरशासारखं होतं.

उपाय पोहायचा नाही, उभ्याने करायचा. छातीभर पाण्यात काठ धरा, तोंड पाण्यात घालून नाकाने सावकाश हवा सोडत राहा, डोकं न उचलता बाजूला वळवून श्वास घ्या, परत पाण्यात. रोज पाच मिनिटं, आठवडाभर. मग पायात फिन्स (बदकाच्या पायांसारखे रबरी पंखे) घालून कुशीवर तरंगत जा: खालचा हात पुढे, वरचा मांडीवर, नजर तळाकडे, श्वासापुरतं तोंड वर वळवायचं. वळवल्यावर एक गॉगल पाण्यात आणि एक बाहेर राहिला पाहिजे. डोकं पुढे सरकताना टाळूपाशी लाट उठते आणि तोंडाजवळ पाण्याला खोलगट भाग पडतो. श्वास त्या खळग्यात घ्यायचा असतो. चांगल्या पोहणाऱ्याचा व्हिडिओ श्वासाच्या क्षणी थांबवा, त्याचं तोंड आजूबाजूच्या पाण्याच्या पातळीच्याही खाली दिसेल. तोवर माझा या गोष्टीवर विश्वास नव्हता.

शरीराच्या रेषेसाठी कुशीवर सहा किक, एक हात, दुसऱ्या कुशीवर सहा किक, हा सराव पुरे. पोहताना नजर तळाच्या पट्टीवर, मानेची मागची बाजू लांब. बहुतेकांचे पाय एवढ्यानेच वर येतात.

हातात तीन दोष सापडतात. हात डोक्यासमोर मधली रेषा ओलांडून पडतो, त्याने शरीर सापासारखं वळवळतं. खांद्यासमोर, रेल्वेच्या दोन रुळांवर ठेवल्यासारखे हात ठेवा. अंगठा आधी आत शिरतो, हे खांद्याला वाईट. बोटांची टोकं आधी. आणि कोपर पंजाच्याही खाली पडतं, मग पाणी मागे जाण्याऐवजी खाली दाबलं जातं. याला मुठी मिटून पोहण्याचा सराव रामबाण: पंजाच नसल्यामुळे सबंध बाहू वापरावा लागतो आणि चार फेऱ्यांनी मूठ उघडल्यावर हाताला वल्हं बांधल्यासारखं वाटतं.

पाय कंबरेपासून मारा, गुडघे सायकलसारखे वाकवू नका, घोटे सैल. लांब पोहणाऱ्याला याहून जास्त पायांचा विचार करायचं कारण नाही.

पाण्यात नेताना

व्हिडिओ आदल्या रात्री पाहा, तलावाच्या काठावर नव्हे. लिहिलेली ती एक ओळ घेऊन जा. थोडं अंग मोकळं झालं की आठ वेळा 25 मीटर, प्रत्येकानंतर वीस-तीस सेकंद थांबा. वेगाने नाही. विषम फेरीत नुसता सराव, सम फेरीत पूर्ण फ्रीस्टाईल पण ती एक ओळ मनात. आठवत नसेल तर अर्ध्या लेनमध्ये थांबलात तरी चालेल, चुकीचं पोहत टोक गाठण्यापेक्षा ते बरं. नंतर उरलेला वेळ कसंही पोहा, मजेत.

एका दोषाला किमान दोन आठवडे. पहिल्या आठवड्यात वेळ वाढते, हात अवघडतात, शेजारच्या लेनमधली माणसं पुढे जातात. तेव्हा दुसरा व्हिडिओ शोधायची जी सुरसुरी येते तिला बळी पडू नका. खांदा दुखू लागला तर मात्र लगेच थांबा आणि प्रशिक्षकांना दाखवा. दुखणं कुठल्याच व्हिडिओला दिसत नाही.

दोन आठवड्यांनी पुन्हा टिपा. तीच लेन, तोच कोन, तेच 200 मीटर आधी. फाइलला तारीख आणि दोषाचं नाव द्या, नाहीतर गॅलरीत 60 सारखे निळे व्हिडिओ होतात. हातांचा आकडा कमी झाला पण वेळ वाढली असेल तर तुम्ही पुढे हात ठेवून घसरत राहिलात, हे चिन्ह चांगलं नाही. दोन्ही थोडे कमी झाले तर पुढचा दोष घ्या. माझे 31 हात 22 वर यायला आठ महिने लागले. त्यातले पाच श्वासातच गेले.

आणि समुद्र

गोव्यात राहून समुद्राचा मोह कोणाला नाही? पण तंत्र तलावात दुरुस्त करा. जून ते सप्टेंबर समुद्र आपल्यासाठी बंदच समजायचा, तेव्हा पावसाळा हाच या कामाचा हंगाम. खारं पाणी गोड्यापेक्षा दोन-अडीच टक्के जड असतं, त्यामुळे समुद्रात पाय आपसूक वर येतात आणि दोष गेल्यासारखा वाटतो. तलावात परतलात की तो तिथेच वाट पाहत असतो.

ऑक्टोबरनंतर मिरामारला किंवा बांबोळीला सकाळी पोहणाऱ्यांचे गट दिसतात. 2019 पासून गोव्यात होणाऱ्या आयर्नमॅन 70.3 या पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी स्पर्धेत 1.9 किलोमीटर समुद्रात पोहावं लागतं, त्यामुळे त्या सुमारास गर्दी वाढते. समुद्रात तळाची पट्टी नसते. दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून किनाऱ्यावरची खूण पाहायची आणि त्यानंतर वेगळा, बाजूला वळून श्वास घ्यायचा. गंमत अशी की काकांनी शिकवलेलं "तोंड वर" इथे अर्धं कामाला येतं. एकट्याने जाऊ नका, लाल झेंडा असेल तर पाऊल घालू नका, जीवरक्षकांना सांगून शिरा, आणि डोक्यावर भडक रंगाची टोपी घाला.

मित्राला काठावर उभं करून समुद्रातला व्हिडिओ मी एकदा काढून घेतला. लाटांत एक नारिंगी ठिपका, बाकी काहीच दिसलं नाही. तो तेवढा पुसून टाकला.